अडलेला फर्मा

लेखक मंडळींबद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे आधीच सांगून टाकतो. जन्मभर मी छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवत आलोय. लेखक प्रूफ वेळेवर परत देत नाही, दिलं तर समासात नवा परिच्छेद लिहून देतो, आणि पुस्तक छापून झालं की चूक दाखवायला सगळ्यांच्या आधी हजर होतो. आभार मानताना कागदवाल्यापासून मेव्हण्यापर्यंत सगळे आठवतात, कंपोझिटर आठवत नाही. त्याचं मला दुःख नाही. पण मथुरा गावडेचं हस्तलिखित हातात पडलं तेव्हा मी तिच्याकडेही याच नजरेनं पाहिलं होतं.

ही एक्याऐंशी सालची गोष्ट. आमचा प्रेस हुबळीत दुर्गदबैल बाजाराच्या मागच्या गल्लीत. मालक गोविंदअण्णा. त्यांचे आजोबा मिरजेकडून वह्या-पाट्यांचं दुकान घेऊन इथं आले आणि पुढं दुकानाच्या पोटात प्रेस निघाला. मुख्य काम लग्नपत्रिकांचं, कानडी आणि मराठी दोन्ही. कानडीचे खिळे भरपूर होते, मराठीचे जेमतेम चार पानांपुरते. म्हणून पुस्तक आलं की चार पानं जुळवायची, लोखंडी चौकटीत आवळायची, ट्रेडल मशीनवर छापायची, मग सगळे खिळे सुटे करून आपापल्या खान्यांत टाकायचे आणि पुढची चार पानं घ्यायची. त्या आवळलेल्या चार पानांना आम्ही फर्मा म्हणतो. एक फर्मा अडला की मराठीचं सगळं काम अडतं.

मथुरा तेव्हा तेवीस वर्षांची. अळणावरजवळच्या एका खेड्यातली, कॉलेजसाठी धारवाडात सप्तापूरला खोली घेऊन राहिलेली, आता रायापूरला राहून तारिहाळच्या एका कारखान्यात टायपिस्ट. दर शनिवारी दुपारी सुटली की हातात रिकामा डबा घेऊन प्रेसात यायची. तिचे लेख आणि गोष्टी इथल्या एका साप्ताहिकात आल्या होत्या आणि धारवाडच्या एका मराठी मंडळानं त्यांचं पुस्तक करायचं ठरवलं होतं. मंडळाची छपाई आमच्याकडेच असायची. आमच्याकडे आलेल्या कागदांवर विषय म्हणून मंडळाच्या चिटणिसांनी लिहिलं होतं, ‘तरुण वयाविषयी’. मी मनात म्हटलं, झालं. आता दीडशे पानं चंद्र आणि उसासे जुळवा.

चंद्र कुठं नव्हता. पहिल्याच लेखात खोली मिळाल्याच्या दिवसाबद्दल होतं. ‘मी दाराला आतून कडी लावली आणि लगेच काढली. गावच्या घरात दिवसा कधी कडी लावली नव्हती, त्यामुळे लावल्यावर पुढं काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं.’ लोकांना वाटतं, कंपोझिटर सगळं वाचत असेल. तसं नसतं. आम्ही अक्षरं उचलतो, अर्थ टेबलाखाली पडतो. पण त्या वाक्याला माझा हात थांबला. मीही अठराव्या वर्षी या गावात खोली करून राहिलो होतो आणि मलाही त्या कडीचं काय करायचं ते कळलं नव्हतं. कुणी लिहिलं असतं तर तेव्हा बरं वाटलं असतं.

पुढं होतं, ‘एकवीस पूर्ण झाली की घरचे आपल्याला विचारू लागतात. ऐकत नाहीत, पण विचारतात. तेवढ्यावर आपण मोठे झालो असं समजून दोन-चार वर्षं निभतात.’ एक गोष्ट लेथवर काम करणाऱ्या पोराची होती. तो दर आठवड्याला घरी पत्रात लिहितो की इथं पुष्कळ मित्र आहेत, आणि त्यांची नावंही रचून कळवतो. मग त्याला खरंच एक मित्र मिळतो, तर आता हा कोणता म्हणून कळवायचा, याच पंचाईतीत तो पडतो. ती गोष्ट जुळवताना मी हसलो, आणि शेवटाला माझे डोळे भरून आले. गोविंदअण्णांनी विचारलं काय झालं, तर शाईचा वास लागला म्हणून सांगितलं.

तिला मात्र मी हे कळू दिलं नाही. आली की तिच्या अक्षरावरून झापायचो. तुझा ‘ध’ आणि ‘घ’ ओळखायला ज्योतिषी आणावा लागतो, म्हणायचो. ती हसायची आणि पुढच्या शनिवारी पानं जरा सुवाच्य काढून आणायची. प्रूफ वेळेवर द्यायची. नवा परिच्छेद घालायची नाही, उलट असलेले काढायची. तीस वर्षांत मी असा लेखक पाहिला नव्हता. ती मला लक्ष्मणमामा म्हणू लागली आणि मी शनिवारची वाट पाहू लागलो.

अकरावा फर्मा लावला तेव्हा ‘पहिलं काम’ नावाचा लेख आला. सत्याहत्तर सालच्या वैशाखात तिच्या थोरल्या बहिणीचं, पारूअक्काचं लग्न ठरलं. वडील, सटवाजी, जाऊन दोन वर्षं झाली होती. मथुरा एकोणीस वर्षांची, घरात शिकलेली तेवढीच, म्हणून पत्रिका छापून आणायचं काम तिच्यावर आलं. मोठ्या माणसाचं असं हे तिचं पहिलं काम. आईनं बजावलं होतं, निमंत्रण माझ्या नावानं जाऊ दे, दहा माणसांच्या शेतात राबून लेकीचं लग्न मी करते आहे. मथुरेनं मजकुरात सर्वांत वर आईचं नाव लिहिलं, त्याखाली धोंडिबा काकांचं. आणि मग लेखात होतं, ‘हुबळीच्या प्रेसात उभी राहिल्यावर मला लाज वाटली. विधवेचं नाव पत्रिकेत शोभत नाही, हे मला आठवलं. आईचं नाव काढा, असं मी तिथल्या माणसाला सांगितलं. त्यानं मुकाट्यानं काढलं.’

तिथल्या माणसाला, म्हणजे मला.

आमच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. पत्रिकेत विधवेचं नाव निमंत्रकात आलं तर आम्ही ते गाळायचो. गिऱ्हाईक चुकून लिहितं, गडबडीत असतं, शुभकार्याच्या कागदाला गालबोट नको, म्हणून आपणच पेन्सिल फिरवून दिराचं किंवा भावाचं नाव वर घ्यायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. मी ज्याच्या हाताखाली शिकलो तो करायचा, म्हणून मी करायचो. विचारायचं नाही, कारण विचारलं तर गिऱ्हाईकाला संकोच होतो. वर काही जण म्हणायचे, बरं केलंत, आमच्या लक्षातच आलं नाही. शेकडो पत्रिकांत मी हे केलं असेल. त्यातली एकही बाई मला आठवत नाही.

ही पोरगी मात्र आठवली. मजकूर देऊन ती बाजारात गेली होती, तेव्हाच मी पेन्सिल फिरवली होती. संध्याकाळी प्रूफ पाहायला आली आणि ते एवढं कागदाचं चिटोरं हातात धरून इतका वेळ उभी राहिली की मी खेकसलो, वाचता येत नाही काय? तिनं घाईघाईनं सही केली आणि गेली. म्हणजे काढा असं तिनं मला कधी सांगितलंच नव्हतं. मी तिला विचारलंही नव्हतं.

खरं सांगतो, आधी मला हायसं वाटलं. माझं पाप तिनं आपल्या अंगावर घेतलं होतं आणि कुणाला कळायचं कारण नव्हतं. दोन दिवस मी त्या खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी मला राग यायला लागला. कडीबद्दल, पत्रांबद्दल जिनं एक अक्षर वावगं लिहिलं नाही, ती इथंच खोटं लिहीत होती. आणि ते खोटं जुळवायला मीच बसलो होतो.

शनिवारी ती आली तेव्हा मी प्रूफ तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, “हे खोटं आहे. नाव तू काढायला सांगितलं नव्हतंस. मी काढलं.”

ती दचकली नाही. मला तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. म्हणाली, तुम्हाला आठवत असेल असं वाटलं नव्हतं. मग तिनं सांगितलं ते ऐकून मी स्टुलावर बसलो. पत्रिकेचा गठ्ठा घेऊन ती घरी गेली तेव्हा आईनं विचारलं, माझं नाव कुठं आहे. तिनं सांगितलं, प्रेसवाल्यांची चूक, आता वेळ नाही. आई त्यावर एक शब्द बोलली नाही. लग्नात अक्षता पडल्या तेव्हा ती मागच्या चुलाण्याशी होती, बाहेर आलीच नाही. त्यानंतर चार वर्षं दोघी एकमेकींशी नीट बोलतात, जेवलीस का विचारतात, पण त्या घरात काहीतरी कायमचं मिटून गेलं. मथुरा म्हणाली, प्रूफवर नाव नव्हतं ते मला दिसलं होतं, सही मी केली. तेव्हा सगळं तुमच्यावर ढकललं. आता ढकलायचं नाही, एवढंच ठरवलंय.

“तेव्हा कमी सांगितलंस, आता जास्त सांगतेस,” मी म्हटलं. “जेवढं झालं तेवढंच लिही की. सगळा दोष आपल्याच अंगावर ओढून घेण्यातही ऐट असते, पोरी.”

हे वाक्य मी कुठून काढलं मला ठाऊक नाही. ती लाल झाली. मला वाटलं, आता उठून जाणार आणि मंडळाला सांगणार की तुमचा कंपोझिटर शहाणपणा शिकवतो. ती कागदाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली, डबा बाजूला ठेवला आणि लिहू लागली. तासभर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी तिच्याकडे पाहत नव्हतो, असं दाखवत होतो. शेवटी तिनं कागद दिला. घरी आणि लग्नात काय झालं तेही आता त्यात होतं, आणि प्रेसाबद्दल एवढंच. ‘मजकुरात आईचं नाव होतं. कंपोझिटरनं ते काढलं, कारण तशी रीत होती. त्यानं विचारलं नाही आणि मी बोलले नाही. पेन्सिल त्याची होती, सही माझी. घरी येऊन मी फक्त पेन्सिलीचं सांगितलं.’

माझ्याविषयी चार ओळी आणि त्यात मला एकाही शब्दाचा राग येईना. तीस वर्षांत किती भारदस्त ग्रंथ जुळवले असतील, त्यांतल्या एकाही विद्वानाला हे जमलं नव्हतं. तेवीस वर्षांची पोर तासाभरात आपलं माप अचूक घेऊन मोकळी झाली. मी तिला तसं सांगितलं. पहिल्यांदाच तोंडावर सांगितलं, की तू मोठी लेखिका आहेस. ती म्हणाली, मामा, माझा ‘ध’ तेवढा सुधारला का?

मग मी विचारलं, आईनं हे ऐकलं का. आईला वाचता येत नाही, म्हणाली. पुस्तक हातात देईन, ती डोक्याला लावेल आणि देवळीत ठेवील. मला त्यातली चलाखी कळायला वेळ लागला नाही.

“म्हणजे सगळ्या धारवाड जिल्ह्याला सांगशील,” मी म्हटलं, “आणि जिला सांगायचं तिला नाही.”

मी नवा मजकूर जुळवला, फर्मा आवळला आणि सांगितलं की तुझी आई हे ऐकेपर्यंत हा मशीनवर चढणार नाही. मंगळवारी गोविंदअण्णांनी आवाज चढवला. लग्नसराई होती, मराठीच्या तीन पत्रिका येऊन पडल्या होत्या आणि सगळे खिळे या चार पानांत अडकलेले. छाप नाहीतर सोडव, बेगा बेगा, लवकर आटप, म्हणून ते दिवसातून चारदा माझ्या डोक्यावर येऊन उभे राहायचे. मी त्यांचं मीठ खाल्लंय, उलट उत्तर कधी दिलं नव्हतं. त्या आठवड्यात दिलं. शनिवारपर्यंत हा फर्मा कुणी हलवला तर मी उद्यापासून येणार नाही, म्हणालो. अण्णांनी कपाळाला हात लावला, पण हलवला नाही. मलाही आतून धाकधूक होतीच, कारण मथुरा जाताना येते असंसुद्धा म्हणाली नव्हती.

शनिवारी ती आली आणि तिच्या मागून दारात चप्पल काढून एक बाई आत आल्या. काटक, उंच, कपाळ मोकळं, हाताला शेतातल्या कामाचे घट्टे. सकाळच्या गाडीनं अळणावरहून आल्या होत्या. लेकीनं बोलावलं एवढंच त्यांना ठाऊक होतं, कशाला ते नव्हतं. मी स्टूल दिलं. त्या बसल्या आणि भिंतीवरच्या खिळ्यांच्या खान्यांकडे पाहत राहिल्या.

मथुरेनं प्रूफ घेतलं आणि वाचायला लागली. पारूअक्काचं लग्न ठरलं तिथपर्यंत नीट वाचलं. आईनं बजावलं होतं, या ओळीशी ती अडली. तिनं दोनदा प्रयत्न केला आणि कागद माझ्याकडे केला. मला कागदाची गरज नव्हती. मी फर्म्यावर वाकलो आणि थेट खिळ्यांवरच्या उलट्या अक्षरांवरून वाचू लागलो, उजवीकडून डावीकडे, आम्ही वाचतो तसं. ‘कंपोझिटरनं ते काढलं, कारण तशी रीत होती. त्यानं विचारलं नाही.’ हे मी स्वतःच्या तोंडानं त्या बाईंना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत वाचलं आणि म्हटलं, “अक्का, तो मीच.”

पलीकडं ट्रेडल चालू होतं, गोविंदअण्णांनी ते बंद करायला लावलं. मथुरा आईकडे पाहत नव्हती.

“मला तवाच ठाव हुतं,” त्या म्हणाल्या. “सही केल्याबिगर छापत न्हाईत, हे धोंडिबा भावजींनी सांगटलं हुतं. आज सांगंल, उद्या सांगंल, असं चार वरसं झालं बग.”

मथुरा त्यांच्या पायाशी फरशीवर बसली आणि रडली. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. साकु, साकु, पुरं आता, म्हणत राहिल्या. मीही तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं, फर्मा आता मशीनवर चढवायला हरकत नाही. मी चौकट उचलायला हात घातला.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, “आनी ह्यात माझं नाव कुटं हाय?”

मी फर्म्याकडे पाहिलं. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मथुरा उठून माझ्या शेजारी आली आणि प्रूफावर बोट ठेवत ओळ न ओळ पाहू लागली. आईनं बजावलं. आईचं नाव. आई बोलली नाही. आई चुलाण्याशी. चार पानांत आई बावीस वेळा होती. नाव एकदाही नव्हतं. जिनं तीनदा लिहून काढलं तिनं घातलं नव्हतं आणि ज्यानं एकेक अक्षर उचललं त्याला ते चुकल्याचं जाणवलं नव्हतं. गाळलेल्या नावावरचा लेख आम्ही दोघांनी मिळून नाव गाळून लिहिला होता. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही, पत्रिकेच्या वेळीसुद्धा नाही.

मथुरेनं माझ्या कानावरची पेन्सिल काढली. पण तिनं लिहिलं नाही, ती आईकडे वळली. कुठं घालू, तिनं विचारलं. त्या म्हणाल्या, “जितं आई म्हनलीस तितं. आया काय, समद्यांस्नीच असत्यात.”

मी चौकट सैल केली. एका ओळीत शब्द वाढला की खालच्या सगळ्या ओळी सरकतात, पानाच्या टोकाची ओळ पुढच्या पानावर जाते, अर्ध्या दिवसाचं काम होतं. दारात पत्रिकावाले खोळंबले होते. गोविंदअण्णांनी त्यांना सोमवारी या म्हणून परत पाठवलं आणि स्वतः माझ्यासाठी दिवा जवळ आणून धरला.

ओळ जुळवायची स्टिक हातात घेतली आणि सवयीनं माझी बोटं ‘श्री’च्या खान्याकडे गेली. मी ती मागं घेतली.

“अक्का, नावाच्या आधी काय लावू?” मी विचारलं. “श्रीमती लावू? आणि पुढं सटवाजी गावडे?”

“काय बी नको,” त्या म्हणाल्या. “फुडं न्हाई, मागं न्हाई. हिराबाई.”

मी ते तसंच जुळवलं, बावीस वेळा.